काचेचं कौल

पाल अंगावर पडली की आंघोळ करायची. कुठल्या अवयवावर पडली तर काय फळ, हे पंचांगात छापलेलं असतं. माझ्या आजीची सावली पडली तरी लोक आंघोळ करीत. त्याचं फळ कुठल्या पंचांगात छापलं नाही. ते आजीनंच भोगलं.

म्हणून असेल, पण आमच्या घरात पालीला कुणी झाडू मारला नाही. आणि पालीची थोरली बहीण जी घोरपड, ती तर वर्षभर आमच्या घरात राहिली, माझ्या मांडीवर वाढली. तिची गोष्ट सांगायची आहे. गोष्ट मोठी नाही. एक जनावर सारखं आजारी पडत होतं नि आम्ही त्याला सारखं बरं करीत होतो, एवढीच. ते सारखं आजारी का पडत होतं हे कळायला मला वीस वर्षं लागली.

१९८७ चा मे महिना. मी तेरा वर्षांची. रत्नागिरी शहराबाहेर सड्याला लागून आमची बौद्धवाडी. सडा म्हणजे जांभ्या दगडाचा उघडा माळ. पावसात हिरवा, उन्हाळ्यात तव्यासारखा. त्या कातळाच्या भेगांत घोरपडी राहतात. त्या वर्षी वाडीतल्या पोरांनी कुत्री घालून दोन काढल्या. एक थोरली, चार फुटांची. दुसरी वेगळ्या भेगेतली, कोवळी, माझ्या हाताएवढी. थोरली कापली. वाटे घातले. एक वाटा आमच्याही घरी आला आणि आम्ही खाल्ला. हे लपवीत नाही. मटण महिन्यातून एकदा दिसायचं. भूक होती, खाल्लं. चरबीचं तेल एकानं बाटलीत भरून ठेवलं, गुडघ्यांसाठी. कातडं दुसऱ्यानं नेलं.

कोवळीला कुत्र्यानं शेपटीच्या मुळाशी नि मागच्या पायाला फाडलं होतं. तिच्यात मांस ते काय! पोरं तिला दगडावर आपटणार, तेवढ्यात बा कामावरून आला. म्हणाला, "द्या हिकडं."

"काय करतंस बा तिचं?"

"बघतो. मेली तर तुमची."

बा गुरांच्या दवाखान्यात परिचर होता. ही नोकरी म्हणजे एक गंमतच होती. मेलेली ढोरं ओढू नका, मेलेल्याचं मांस खाऊ नका, असं बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत सांगितलं. ते ऐकून आजोबांनी ढोर ओढणं सोडलं. गावानं त्यांचं बलुतं बंद केलं. चुलीत दोन दोन दिवस जाळ नाही, पण त्यांनी परत दोर धरला नाही. आणि त्यांच्या पोराला सरकारी नोकरी लागली ती गुरांच्या दवाखान्यात. जनावर धरायचं, जखम धुवायची, पट्टी बांधायची. ते बा मन लावून करायचा. पण दवाखान्याच्या आवारात एखादं जनावर मेलं की बाकीचे परिचर आभाळाकडे बघत आणि साहेब बाकडे बघे. बा जागचा हलायचा नाही. "जित्या जनावराला हात लावीन. मेल्याला न्हाय. माझ्या कामाच्या कागदात ते न्हाय." त्यापायी त्याची दोनदा बदली झाली. तो गेला. दोर मात्र धरला नाही.

तर असा हा बा. त्यानं घोरपडीची जखम लाल औषधाच्या पाण्यानं धुतली. पायाच्या बेचक्यात गोचीड होते. खोबरेल लावून, दम धरून एकेक काढले. खोबरेलात हळद कालवून जखमेत भरली. जुन्या धोतराची पट्टी. ती फुसफुसायची, नख्या मारायची. बाच्या मनगटावर ओरखडे उठले. तो हसायचा. "बरं हाय. मारतेय म्हंजे जगायची इच्छा हाय."

आयेला पटलं नव्हतं. घोरपड घरात आली की घर ओस पडतं म्हणतात. बा म्हणाला, "आपलं घर कवा भरलं व्हतं, ते ओस पडंल?" यावर आये काय बोलणार? तिनं कोंबडीचं जुनं डालगं काढून दिलं.

तीन आठवड्यांत जखम भरली. आम्हाला वाटलं, झाली बरी.

नाव माझ्या धाकट्या भावानं ठेवलं. यशवंती. तानाजी सिंहगडावर चढला ती घोरपड. कमरेला दोर बांधून तिला कड्यावर सोडली, ही गोष्ट गुरुजींनी वर्गात रंगवून सांगितली होती. भाऊ ती बाला सांगायला लागला. बानं ऐकून घेतली. मग विचारलं, "गड घेतला. मग तिला काय वतन मिळालं?"

भाऊ गप्प. पुस्तकात पुढं तिचं नाव नव्हतं.

बा म्हणाला, "मिळालं नसंल तर बरंच झालं. वतन काय असतं ते आपल्याला ठावं हाय." महारकीचं वतन १९५८ च्या कायद्यानं गेलं. बाची अर्धी जवानी त्याआधीची. वतन म्हणजे चोवीस तास गावाची हाक. रात्री-अपरात्री चिठ्ठी घेऊन पळायचं, सरकारी माणसाचं ओझं वाहायचं, मेलेलं ओढायचं. कमरेला दोर तिथंही होताच.

जून लागला. रत्नागिरीचा पाऊस तुम्हाला ठाऊक असेल. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, त्यातला बहुतेक या चार महिन्यांत. दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही. आमचं घर जांभ्याचं, एका खोलीचं, खिडकी एक, तीही पावसात पोत्यानं झाकलेली. यशवंतीचं डालगं चुलीच्या उबेला ठेवलेलं. खायला खाटकाकडून फुकट मिळणारी आतडी, फेपरं, कधी काळजाचा तुकडा. मी बारीक करून भरवायची. ती जीभ बाहेर काढून आधी वास घ्यायची. दुभंगलेली निळसर जीभ. मग लबक्कन गिळायची. आम्हाला वाटायचं, केवढी चैन! आम्हाला नव्हतं एवढं तिला होतं.

श्रावणात तिनं खाणं सोडलं. तोंड उघडून बघितलं तर हिरड्या सुजलेल्या, कडेला पांढरा पू. बानं मिठाच्या पाण्यात कापूस बुडवून तोंड पुसलं, दवाखान्यातलं जांभळं औषध लावलं. आठ दिवस, रोज. बरी झाली. मग कात टाकायची वेळ आली तर बोटांवरची कात सुटेना. दोऱ्यासारखी आवळून बसली. एक बोट काळं पडलं नि गळून गेलं. मग कोमट पाण्यात पाय भिजवून ओल्या फडक्यानं कात सोडवायची, हे माझं काम झालं. तेही बरं झालं. महिन्यानं पुन्हा तोंड आलं. पुन्हा मीठपाणी, पुन्हा जांभळं औषध.

बा एकदा तिला पिशवीतून दवाखान्यात घेऊन गेला. साहेबानं लांबूनच बघितलं. म्हणाला, "हे आपल्या वहीत नाही." वहीत रकाने होते. गाय, बैल, म्हैस, शेळी, कोंबडी, कुत्रा. घोरपडीला रकाना नव्हता. बा परत आला. रागावला नव्हता. त्याला रकान्याची सवय होती.

भादव्यात ती थरथरायला लागली. मागच्या पायांची बोटं आपोआप उडायची. पाय धनुष्यासारखे वाकले. खालचा जबडा बोटानं दाबला तर दबायचा, रबरासारखा. हाड असून नसल्यासारखं. यावर बाकडे औषध नव्हतं. तो बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "हिला उजेड पायजे." आणि पगारातून एक काचेचं कौल घेऊन आला.

ते आमच्या घरातलं पहिलं काचेचं कौल. बा वर चढला, मातीचं एक कौल काढलं, काचेचं बसवलं. शेणानं सारवलेल्या जमिनीवर उजेडाचा चौकोन पडला. आये बघत राहिली. पहिल्यांदाच भर दिवसा तांदळातले खडे घरात बसून दिसत होते. यशवंती चौकोनात जाऊन बसली. चौकोन सरकला की ती सरकायची. दिवसभर त्याच्या मागं मागं, पाय ओढीत. आम्हाला वाटलं, आता होईल बरी.

झाली नाही. आश्विनातलं कडक ऊन काचेतून यायचं, तिचं अंग गरम लागायचं, खायचीही बरी. पण थरथर वाढली. दिवाळीला मागचे दोन्ही पाय लोळायला लागले. उजेड होता, ऊब होती, खाणं होतं, औषध होतं, माया होती. तरी ती आतून मऊ होत चालली होती.

तेव्हा आजी जिवंत होती. डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण कान शाबूत. ती कोपऱ्यातून म्हणाली, "खोतासारखं चाललंय तुमचं."

आम्हाला कळलं नाही. आजीनं जन्मभर एका खोताच्या घरची कामं केली. खोती मोडायला बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक आणलं. कायद्यानं ती १९४९ साली गेली. पण आजीचं काम तसंच चालू राहिलं. ती म्हणायची, ते खोत चांगले होते. खरंच चांगले होते. सणाचा भात उरला की द्यायचे, वरून. जुनं लुगडं द्यायचे. ताप आला तर गोळी द्यायचे, तीही वरून, पदरात टाकून. कधी शिवी दिली नाही. "पण पोरी," आजी म्हणाली, "चाळीस वर्सं मी त्यांच्या खळ्यात ऱ्हायली. पायरी काय चढली न्हाय. उपाशी ठेवली न्हाय त्यांनी. खळ्यात ठेवली."

बा त्या रात्री झोपला नाही. सकाळी उठून डालगं घेतलं नि सड्यावर निघाला. मी मागं. मला वाटलं, टाकायला चालला. त्यालाही तसंच वाटत होतं, हे त्यानं मला पुढं सांगितलं. मरायची तर आभाळाखाली मरू दे, एवढाच विचार.

कातळावर डालगं उपडं ठेवलं, अर्ध्यावर सावलीला पळसाची पानं. यशवंती उघड्या उन्हात पसरली. पोट कातळाला लावून, डोळे मिटून. संध्याकाळपर्यंत मेली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा नेली. आयेची बहीण भाट्याच्या खाडीकडे राहायची. ती बारक्या कुर्ल्या नि मासळीचा चुरा आणून द्यायला लागली, कारण खाटकानं आतडी द्यायची बंद केली होती. आम्ही कुर्ल्या कवचासकट ठेचून घातल्या. हे शहाणपण नव्हतं, नाइलाज होता. नाइलाजानंच गुण आला.

दीड महिन्यानं थरथर थांबली. जबडा घट्ट झाला. माघात ती पाय टेकून चालायला लागली. शिमग्याला डालग्यावर चढली. डावा मागचा पाय तेवढा वाकडा राहिला.

मग माझी वार्षिक परीक्षा आली. बाची बदली तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला. तिला सड्यावर न्यायला कुणी नाही. तीन आठवडे घरात, काचेच्या कौलाखाली. चौथ्या आठवड्यात बोटं पुन्हा उडायला लागली.

बा रविवारी घरी आला. बघितलं. बोलला काही नाही. पुन्हा सड्याचं ऊन, पुन्हा कुर्ल्या. मे महिन्याच्या शेवटी, पाऊस यायच्या आधी, तो म्हणाला, "आता सोडायची." मी रडले. म्हटलं, "आपण तिला किती चांगलं ठेवलं!"

बा म्हणाला, "ठेवणारा कितीबी चांगला असला तरी ठेवलेलं ते ठेवलेलंच."

जिथून पोरांनी काढली त्याच भेगेपाशी सोडली. वाडीतल्या पोरांना बानं आदल्या दिवशी बसवून सांगितलं होतं, हिला हात लावाल तर गाठ माझ्याशी. ती थोडा वेळ डालग्याच्या सावलीत बसली. जीभ बाहेर काढून हवा चाटली. मग गेली. मागं बघितलं वगैरे काही नाही. वाकडा पाय ओढीत भेगेत शिरली.

मी पुढं डी.एड. केलं, शिक्षिका झाले. २००७-०८ च्या सुमारास गुरांच्या एका तरुण डॉक्टरशी सहज बोलणं निघालं. मी यशवंतीचं सांगितलं. तो ऐकत गेला नि म्हणाला, "बाई, हा तर हाडांचाच आजार. सरपटणाऱ्या जनावरांना कोंडलं की होतो." त्यानं समजावून सांगितलं. हाडाला चुना लागतो, म्हणजे कॅल्शियम. काळीज, आतडं, नुसतं मांस यांत तो नसल्यातच जमा. उलट फॉस्फरस जास्त. घोरपड रानात किडे, बेडूक, उंदीर, अंडी, कुर्ल्या अख्ख्या खाते. हाडासकट, कवचासकट. म्हणून तिला चुना मिळतो. पण खाल्लेला चुना अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागतं. ते उन्हातल्या अतिनील किरणांनी कातडीत तयार होतं. ते नसलं की शरीर स्वतःच्याच हाडातला चुना काढून वापरतं. हाड मऊ होतं, पाय वाकतात, बोटं उडतात. अंगात पुरेशी ऊब नसली की प्रतिकार कमी पडतो, तोंडात पू होतो. कोंडलेल्या जागेत कातही धड सुटत नाही.

मी म्हटलं, "पण काचेचं कौल बसवलं होतं. भरपूर ऊन यायचं."

तो म्हणाला, "तिथंच चुकलं. साध्या काचेतून उजेड येतो, ऊबही येते. पण ज्या किरणानं हाड घडतं तो काचेत अडतो."

मी घरी येऊन बराच वेळ बसून राहिले.

मी ज्या शाळेत होते तिथं पाण्याचा माठ एकच होता. माझ्या हातचा चहा सगळ्या पीत. कुणी जात विचारली नाही. संक्रांतीला मात्र एकीच्या घरी हळदीकुंकू असे, सगळ्याजणींना बोलावणं जाई. मला नाही. दुसऱ्या दिवशी ती बाई माझ्यासाठी तिळगूळ घेऊन येई, डब्यात घालून, आठवणीनं. "तुमच्यात हे चालत नाही ना, म्हणून नाही हं बोलावलं." प्रेमानं म्हणायची. बुद्धाला मानणारी बाई हळदीकुंकवाला जाणार नाही, हे खरंच. मी गेलेही नसते. पण मला कुणी विचारलंच नव्हतं. उजेड होता, ऊब होती. मी अनेक वर्षं समजत होते की माझ्यातच काही कमी आहे, म्हणून आत मऊ पडल्यासारखं वाटतं.

त्या तिळगुळाला मी नाव ठेवत नाही. गोड होता.

आणखी थोडं सांगते. घोरपड पकडणं, मारणं, पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. वाघाबरोबर ती पहिल्या अनुसूचीत आहे. आम्हाला तेव्हा यातलं अक्षर ठाऊक नव्हतं. आम्ही मारलीही, खाल्लीही, ठेवलीही. आज जखमी घोरपड दिसली तर घरी आणू नका, वनखात्याला कळवा. १९२६ हा त्यांचा फोन नंबर आहे. तिच्या तेलानं गुडघा बरा होत नाही. 'हत्थाजोडी' म्हणून पूजेच्या दुकानांत एक वाळकी मुळी विकली जायची, लक्ष्मी येते म्हणून. ते मूळ नव्हतंच. नर घोरपडीचं वाळवलेलं लिंग होतं ते, हे २०१७ साली उघडकीला आलं. गोव्यात गणपतीच्या आरतीला घुमट वाजतं, त्याच्या तोंडावर पूर्वी तिचंच कातडं ताणायचे. आता बोकडाचं लावतात. जिवंत अंगणात आली तर अपशकुन. मेल्यावर देव्हाऱ्यात लक्ष्मी, आरतीत ताल. असल्या हिशेबाची आम्हाला पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख आहे. आमच्या हातांनी कमावलेलं कातडं देवळात गेलं, आम्ही बाहेर राहिलो.

बा नोकरीतून सुटला तेव्हा त्याचे गुडघे गेले होते. जनावरं धरून धरून. जिना चढवत नव्हता. एका बाजारच्या दिवशी एक तेलवाला वाडीत आला. बाटल्या काढून बसला. घोरपडीचं अस्सल तेल, आठ दिवसांत धावायला लावतो म्हणाला. आयेनं पदरातून पैसे काढले. तिला बाचं कण्हणं ऐकवत नव्हतं.

बानं बाटली हातात घेतली. उन्हाकडे धरली. काचेतून तेल पिवळं दिसत होतं.

"किती जणींचं हाय?" त्यानं विचारलं.

तेलवाल्याला प्रश्न समजला नाही. बानं बाटली परत दिली, काठी टेकली नि हळूहळू चालत बाहेर, उघड्यावर, कातळावर जाऊन बसला. गुडघे उन्हात पसरून.